शंभर रुपयांना एक धाव

आमच्या नाशिकने क्रिकेटला बापू नाडकर्णी दिले. १९६४ साली मद्रासला त्यांनी इंग्लंडविरुद्ध लागोपाठ २१ षटके निर्धाव टाकली. डावात एकूण ३२ षटके आणि खर्च ५ धावा! इतका हात आखडता घेणारा माणूस आम्हां बँकवाल्यांना देवासारखा वाटतो. पण बुडीत येण्यांचा विषय निघाला की मला बापू आठवत नाहीत, डेनिस कॉम्प्टन आठवतो.

हा गडी इंग्रज. उन्हाळ्यात मिडलसेक्स कौंटीचा फलंदाज, हिवाळ्यात आर्सेनलच्या फुटबॉल संघात डाव्या बगलेवर. एक माणूस, दोन खाती. महायुद्धात सैन्याबरोबर तो हिंदुस्थानात आला आणि महूला राहिला. गोरे सोल्जर आमच्या देवळालीलाही पैशाला पासरी होते, पण महूजवळ इंदूर, आणि इंदुरात होळकरांचा संघ! कप्तान कर्नल सी. के. नायडू, म्हणजे मूळचे आपले नागपूरचेच. झालं, १९४४-४५ च्या मोसमात कॉम्प्टनसाहेब होळकरांच्या चाकरीत रुजू.

मार्च १९४५. मुंबईत ब्रेबोर्न स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना. निकाल लागेपर्यंत खेळायचे, म्हणजे आपल्याकडच्या दिवाणी दाव्यासारखेच. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या. त्यांत विजय मर्चंट एकटेच २७८! सी. एस. नायडूंनी या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले, तेही ओव्हरटाइम न मागता. जिंकायला ८६७ हव्यात म्हटल्यावर दुसऱ्या कुणी सिक लीव्ह टाकली असती.

पण असं सांगतात, की इंदूरच्या एका धनिक शेटजींनी कॉम्प्टनला शब्द दिला : शंभरच्या वर काढशील त्या प्रत्येक धावेला शंभर रुपये. मुश्ताक अलींनी १३९ काढल्या. कॉम्प्टन मात्र उभाच राहिला. समोरचे एकेक जण तंबूत परतले, संघ ४९२ वर संपला, मुंबई ३७४ धावांनी जिंकली, आणि साहेब नाबाद २४९! हिशेब करा. १४९ गुणिले शंभर, रुपये चौदा हजार नऊशे फक्त. तेही १९४५ सालचे.

वसुलीला जातो तो काय, शेटजींची चिठ्ठी : क्षमस्व, तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावे लागले!

बी. कॉम.ला आम्ही १८७२ चा करार कायदा घोकला होता. मोबदल्याशिवाय केलेला करार रद्दबातल, कलम २५. शेटजींना ते पाठ असावे.

फुटबॉलच्या खात्यातही हाच प्रकार. युद्धकाळात तो इंग्लंडकडून १२ सामने खेळला, पण ते अधिकृत धरलेच नाहीत. शिल्लक शून्य. आर्सेनलकडून लीगचे सामने अवघे ५४, गोल १५. एवढ्याशा नोकरीत त्याने १९४८ मध्ये लीगचे विजेतेपद आणि १९५० मध्ये एफ. ए. कप पदरात पाडला. क्रिकेटमध्ये १९४७ च्या एका मोसमात ३८१६ धावा आणि १८ शतके. यातलं काही कुणाच्या चिठ्ठीवर अवलंबून नव्हतं.

१९४५ च्या अखेरीस कॉम्प्टन पूर्व विभागाकडून ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेसविरुद्ध खेळला, आणि तेही कलकत्त्यालाच! खेळ रंगात असताना निदर्शकांचा जमाव मैदानात घुसला. त्यातल्या एकाने कॉम्प्टनला सांगितले, तुम्ही खेळता उत्तम, पण आता जा.

जमावात शेटजी असल्याची नोंद नाही.