नव्वद टक्के पाणी वाचते, पण कोणाचे?

ॲक्वापोनिक्सचे नाव निघाले की पाठोपाठ एक आकडा येतोच: नव्वद टक्के. टाकीत मासे, टाकीवर भाजी. माशांची घाण झाडांना खत, झाडांनी गाळलेले पाणी पुन्हा माशांना. माती नको, युरिया नको, आणि पाणी म्हणे शेतीच्या दहाव्या हिश्शात भागते. 2016 च्या उन्हाळ्यात आमच्या केज तालुक्यातले धनेगावचे मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. ते पाहिलेल्या बीडच्या माणसाला हा आकडा ऐकून हुरूप आला नाही तरच नवल. दुष्काळी जिल्ह्याने घरोघरी हाच मार्ग धरावा, असे आता सभा-शिबिरांतून सरसकट सांगितले जाते. हे मत मला मान्य नाही.

पण जुन्या वादपद्धतीचा दंडक असा की समोरच्याचे म्हणणे आधी त्याच्याहून नीट मांडावे आणि मगच खोडायला घ्यावे. मुकुंदराज-दासोपंतांची अंबाजोगाई ज्या जिल्ह्यात आहे, तिथे तरी हा दंडक मोडू नये.

तर पूर्वपक्ष असा. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. तो पाण्यात साचला तर माशालाच मारतो. पण खडीवर, पाइपांच्या आतल्या भिंतींवर जिवाणू वस्ती करतात. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, नायट्रोस्पिरासारखे दुसरे त्याचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट हे तर पालेभाजीचे आवडते अन्न. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. एकदा जमली की चक्र चालू. यात भोंदूपणा काही नाही. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी कित्येक वर्षे अशी मोठी यंत्रणा चालवून दाखवली, आणि तिला रोज एकूण पाण्याच्या दीड टक्क्याच्या आसपास भर पुरत असे. ती बेटे गोड्या पाण्याला तरसणारी, म्हणजे ही विद्या हौसेतून नव्हे, गरजेतून वाढली. 2014 साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने घरगुती आकाराच्या यंत्रणेसाठी जाडजूड पुस्तिका काढली, तीही प्रामाणिक आहे. शास्त्र खरे आहे, हे मी आधीच कबूल करून टाकतो. माझा वाद शास्त्राशी नाही, त्यातून बीडसाठी काढलेल्या अनुमानाशी आहे.

नव्वद टक्के, पण कशाच्या तुलनेत? टक्केवारी एकटी उभी राहत नाही, तिला समोर कोणीतरी लागते. या आकड्याला आधार म्हणून जे अभ्यास पुढे केले जातात, त्यातला एक 2015 चा, ॲरिझोनातल्या युमा भागाचा. त्यात एक किलो लेट्यूससाठी शेतात 250 लिटर आणि मातीविना पद्धतीत 20 लिटर पाणी धरले आहे. हिशेब चोख आहे. मात्र तो हायड्रोपोनिक्सचा आहे. त्यात मासा नाही. आणि त्याच अभ्यासात पुढे लिहिले आहे की मातीविना पद्धतीला ऊर्जा शेताच्या 82 पट लागते. पाण्याचा आकडा सभेत सांगितला जातो, ऊर्जेचा घरीच राहतो. प्रत्यक्ष मासे-भाजीच्या छोट्या यंत्रणेचे मोजमाप अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये झाले: एक किलो भाजीला 104 लिटर, एक किलो माशाला 292 लिटर. तिथे थंडीत टाकी तापवावी लागते, म्हणून विजेचा त्यांचा आकडा आपल्याला लावणे अन्यायाचे होईल. पाण्याचा आकडा मात्र थंड गावातला आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता आमच्याकडे समोर कोण उभे आहे ते पाहू. बीडच्या घरात भाजीला पाणी पाटाने सोडत नाहीत. नळ आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतो. डाळ-तांदूळ धुतलेले, भाजी निवडून विसळलेले, हात-पाय धुतलेले पाणी मोरीतून परसात जाते आणि त्यावर अळू, कढीपत्ता, दोडक्याचा वेल, पुदिना उभा राहतो. हे पाणी आधी एकदा वापरून झालेले असते. ॲक्वापोनिक्सला ते चालत नाही. साबणाचा थेंब माशाला बाधतो, क्लोरीनही उडवून टाकावे लागते. म्हणजे घरातले पहिल्या प्रतीचे पाणी टाकीला द्यायचे आणि मोरीचे गटारात सोडायचे. परसबागेने भाजीसाठी नवे पाणी जवळपास शून्य घेतले होते. शून्याच्या नव्वद टक्के किती, ते वाचकांनीच सांगावे.

उन्हाचा हिशेब तर शाळकरी आहे. एका चौरस मीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडाले म्हणजे एक लिटर गेले. मे महिन्यात मराठवाड्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला दहा मिलिमीटर धरा, हे जास्त नाही. हजार लिटरच्या टाकीचे तोंड सव्वा चौरस मीटर आणि भाजीचे वाफे तीन चौरस मीटर. टाकीतून बारा लिटर उडतात, भाजी पानांवाटे वीसेक लिटर सोडते. टाकीला झाकण घाला, वर शेडनेट बांधा, बारातले काही लिटर वाचतील. भाजीचे वीस मात्र जातातच, कारण रोपाला प्यावे तर लागतेच. ते मातीत उभे असो की पाइपात. तर रोजचे तीस लिटर, महिन्याचे हजार. टंचाईच्या काळात खेड्यांत टँकरचे पाणी माणशी वीस लिटर या निकषाने येते. म्हणजे गच्चीवरची यंत्रणा दीड माणसाचे पाणी पिते. त्यातही एक गंमत आहे: उडते ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. भर बोअरच्या जड पाण्याची घातली की महिन्या-महिन्याला टाकी खारट होत जाते, आणि शेवटी ते "न वाया जाणारे" पाणी उपसून ओतून द्यावे लागते.

शेतात मुरलेले पाणी "वाया गेले" असे हे हिशेब सांगतात. काळ्या पाषाणाच्या मुलखात मुरलेल्या पाण्यातला काही भाग खालच्या शिवारातल्या विहिरीत उतरतो. ज्याला वाया म्हणायचे, तो शेजाऱ्याचा उपसा असतो.

माझा मुख्य आक्षेप मात्र पाण्याच्या मापाचा नाही, थांबण्याच्या सोयीचा आहे. कोरडवाहू माणसाचे सगळे शहाणपण थांबता येण्यात आहे. पावसाने ओढ दिली की तो पेरणी लांबवतो, रान पडीक ठेवतो, जनावरे छावणीवर नेतो, स्वतः कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. परसबाग मार्चमध्ये वाळू देता येते. गवार-दोडक्याचे बी फडक्यात बांधून ठेवले की मृगात पुन्हा लावायचे. जमीन वाट पाहते. टाकी पाहत नाही. मासे रोज खातात, रोज अमोनिया सोडतात, जिवाणूंना दर क्षणी प्राणवायू हवा असतो. सरासरीने साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आणि ती सरासरी वारंवार मोडणाऱ्या जिल्ह्यात, बारा महिने एक दिवसही खंड न चालणारी व्यवस्था गळ्यात बांधून घेणे याला मी दुष्काळावरचा उपाय म्हणत नाही. दुष्काळाला दिलेले ओलीस म्हणतो.

खंड पाण्याचाच पडतो असे नाही. माझ्या एका स्नेह्यांच्या गच्चीवर मे महिन्यात दुपारी लाईट गेली, ती संध्याकाळी आली. तोवर सगळे मासे पांढरी पोटे वर करून तरंगत होते. इन्व्हर्टर होता, पण त्यावर पंखे होते. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाला तितकाच जास्त लागतो. भर उन्हात दाटीने भरलेल्या टाकीला तास-दोन तासही पुष्कळ झाले. रसायनही आमच्या बाजूने नाही. तीस अंशांच्या पाण्याचा सामू 7 असेल तर एकूण अमोनियातला विषारी वाटा एक टक्क्याहून कमी असतो. सामू 8 झाला की तो सुमारे साडेसात टक्के होतो. आमच्या बोअरचे पाणी बहुधा आठाच्याच बाजूला झुकलेले. त्याच सामूला लोह झाडाला मिळत नाही, कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या पडतात, मग चिलेटेड लोह विकत आणा. म्हणजे दुकानाची पायरी सुटत नाहीच.

"फुकटचे खत" हाही असाच शब्द. खत मासा तयार करत नाही, त्याच्या खाद्यातून ते येते. पालेभाजीच्या दर चौरस मीटरला रोज 40 ते 50 ग्रॅम मत्स्यखाद्य टाकावे, असे ती जागतिक पुस्तिकाच सांगते. तीन चौरस मीटरला महिन्याचे चार किलो. पिशवीतून आलेला नत्र माशाच्या पोटातून फिरून मेथीत जातो, एवढेच.

मासा कोणता, हा आणखी एक अडसर. जगभर या टाक्यांत तिलापिया असतो, आपण ज्याला चिलापी म्हणतो तो. भारतात तो 1952 साली आणला गेला, आणि तो इतरांना हुसकावतो हे दिसल्यावर 1959 साली त्याच्यावर बंदी आली. आता सुधारित वाण ठरावीक अटींवर आणि परवान्याने वाढवता येतात. थाई मांगूर तर बंदच आहे. कटला-रोहूला पिंपात अंग वळवायला जागा नाही. शिवाय माळकरी घरात हे मासे खाणार कोण? मग रंगीत कोई सोडतात. ते फक्त वाढतात, आणि दर महिन्याला अधिक खातात. भाजीचेही तसेच. ही यंत्रणा लेट्यूस आणि बेसिलवर नावारूपाला आली. आमच्याकडे भाकरीबरोबर लागते शेपू, चुका, करडई, तांदूळजा, अंबाडी. यातले काही रानात आणि बांधावर कोणी न मागता उगवते.

मोठ्या प्रमाणावर धंदा केला तर? 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत 257 व्यावसायिक ॲक्वापोनिक्सवाल्यांपैकी जेमतेम 31 टक्के जणांनी मागच्या वर्षी नफा झाल्याचे सांगितले. तेही बाजार, वीज आणि गिऱ्हाईक हाताशी असलेल्या देशांत.

इथवर खंडन झाले. नुसते मोडून उठणे हा वितंडा. म्हणून माझा पक्षही मांडतो. माशासाठी पाणी साठवू नये, साठवलेल्या पाण्यात मासा सोडावा.

घरात हे जुनेच आहे. हिवताप विभागाची माणसे हौदात, विहिरीत गप्पी मासे सोडून जातात, ते डासांच्या अळ्या खातात. त्याच हौदाच्या तळचे गढूळ पाणी कुंड्यांना घातले की झाले तुमचे ॲक्वापोनिक्स: पंप नाही, पाइप नाही. घरात काचेची टाकी असेल तर आठवड्याला बदलावे लागणारे दोन बादल्या पाणी कढीपत्त्याला द्या. शाळेत मात्र खरी यंत्रणा एक जरूर असावी. नायट्रोजनचे चक्र शिकवायला तिच्यासारखे साधन नाही.

खरी जागा आहे शेततळ्याची. तीस बाय तीस बाय तीन मीटरच्या तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. ते सीताफळासाठी, तुतीसाठी, मोसंबीसाठी साठवलेलेच असते. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये कटला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडली की कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी चरतो. गवत्या आणि चंदेरा शेवाळ-गवतावर राहतात. माशासाठी वेगळा उपसा करावा लागत नाही. ठिबकने जाणाऱ्या पाण्यात थोडे नत्रही जाते. थोडेच जाते, खताची गोणी त्याने सुटत नाही, हेही सांगून टाकतो. आणि महत्त्वाचे असे की हे थांबवता येते. फेब्रुवारीत पाणी खाली गेले की जाळे टाका, मासा बाजारात पाठवा, उरलेले पाणी झाडाला. त्यासाठी जिरे किंवा अर्धबोटुकली न आणता मोठी बोटुकली आणावी, म्हणजे सात-आठ महिन्यांत विकण्याजोगे वजन भरते. शेवाळावर मोरचूद टाकायची सवय तेवढी सोडावी लागेल. माशाला ते विष आहे. आणि जाळ्याच्या शिशाने तळ्याचा कागद फाटू नये म्हणून काय करायचे, हे पुस्तकापेक्षा माजलगाव धरणावरच्या भोई मंडळींना विचारावे. मासा उन्हाळ्यात कसा वागतो हे या जिल्ह्यात त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही, आणि शिबिरांत व्यासपीठावर तेच कधी दिसत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, शेततळ्यातूनही पाणी उडतेच की. उडते. भरलेल्या तळ्यावरून मे महिन्यात दिवसाला नऊ हजार लिटर, माझ्याच हिशेबाने. बोअरचे पाणी उपसून तळे भरणे हा तर शेजाऱ्याच्या विहिरीवर घाला आहे, आणि त्याचे समर्थन मी करत नाही. माझे म्हणणे इतकेच की ते पाणी मासा असला तरी उडणार, नसला तरी उडणार. गच्चीवर पहिल्या प्रतीचे तीस लिटर मात्र केवळ टाकी आहे म्हणून खर्ची पडतात.

पंपाविना पाणी खेळवणेही इथे जुनेच आहे. बीड शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकातली, निजामशाहीतल्या सलाबतखानाच्या काळची. तिचे पाणी भुयारी वाटेने नुसत्या उताराने बागायतीला जात असे. आमच्या पूर्वजांना गुरुत्वाकर्षणाचे बिल येत नव्हते.

तरीही ज्यांना गच्चीवर यंत्रणा बसवायचीच आहे त्यांना विनंती एवढीच. पैसे देण्याआधी मे महिन्यातला एक आठवडा काढा. गच्चीवर उन्हात, चिमण्यांची चोच पोहोचणार नाही अशी जाळी टाकून, एक खोल परात पाण्याने भरून ठेवा. काठावर खडूने खूण करा. आठव्या दिवशी पट्टीने मोजा, टाकीच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने गुणा आणि तो आकडा घरात पाणी भरणाऱ्या बाईला सांगा. निर्णय तिने द्यावा.