थंड उजेडाचे शहर

दिवाळी अंकात उजेडावर लिहायचे म्हणजे पणतीपासून सुरुवात करायची, अशी आपल्याकडे वहिवाट आहे. पणतीबद्दल मला आदर आहे. परंतु आज मला जी हकीकत सांगायची आहे, तिच्यातल्या उजेडाला तेल नाही, वात नाही आणि तापून लाल झालेली तारही नाही. हल्ली आकाशकंदिलात जो इवलासा दिवा असतो, कठड्यावर ज्या माळा लुकलुकतात, त्यांत एका खड्याच्या कणातून प्रकाश निघतो. हा प्रकाश पहिल्याने कुणाला दिसला, कुणाला कळला आणि ज्याला कळला त्याचे पुढे काय झाले, हे मी गेली काही वर्षे मिळेल तिथून वाचीत आलो आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शाळेत मुलांना शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. तेव्हा शास्त्राची बाजू मला उमगली तेवढीच सांगेन. माणसांची बाजू मात्र जरा सैल हाताने सांगणार आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी बिनतारी संदेश टिपण्यासाठी खडे वापरीत. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात गॅलिनाच्या, म्हणजे शिशाच्या खनिजाच्या, खड्यावर हे काम साधले होते. 1901 साली त्यांनी अमेरिकेत पेटंटासाठी अर्ज केला आणि 1904 साली ते मिळाले. खड्यावर तारेचे बारीक टोक टेकवायचे आणि जागा बदलीत बदलीत नेमका बिंदू सापडवायचा, असा तो सगळा चिकाटीचा खेळ. मार्कोनीच्या हाताखालचा हेन्री जोसेफ राउंड नावाचा इंग्रज इंजिनियर असेच खडे तपाशीत होता. त्यात कार्बोरंडमचा एक खडा होता. हत्यारांना धार लावण्याच्या चाकात असतो तोच हा पदार्थ. सिलिकॉन आणि कार्बन यांचा संयोग. त्याला 10 व्होल्टचा दाब दिला आणि खडा पिवळसर उजळला. दुसऱ्या काही खड्यांना 110 व्होल्टपर्यंत दाब द्यावा लागला, तेव्हा कुणी हिरवा, कुणी नारिंगी, कुणी निळा झाला. 1907 च्या फेब्रुवारीत 'इलेक्ट्रिकल वर्ल्ड' या न्यूयॉर्कच्या नियतकालिकात राउंडने दोन परिच्छेदांचे एक टिपण छापले, असे आणखी कुणाच्या पाहण्यात आहे काय म्हणून विचारले आणि तो आपल्या कामाला लागला. पुढे त्याने शंभरावर पेटंटे मिळवली. पण या उजेडाकडे तो परत वळला नाही. दारात आलेल्या पाहुण्याला ओसरीवरूनच निरोप द्यावा, तसे झाले.

दुसऱ्यांदा हा पाहुणा ज्याच्या दारी आला, तो मुलगा रशियातला. ओलेग व्लादिमिरोविच लोसेव्ह, जन्म 1903, गाव व्होल्गाकाठचे त्व्हेर. गावाशेजारी बिनतारी यंत्राचे ठाणे होते. 1917 साली, म्हणजे राज्यक्रांतीच्या धामधुमीत, तिथल्या अधिकाऱ्याचे बिनतारी विद्येवरचे एक व्याख्यान त्या शाळकरी पोराने ऐकले आणि त्याला ते वेड लागले ते लागलेच. 1920 साली तो निज्नी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत गेला. कामावर घेतले ते निरोप पोचवणारा शिपाई म्हणून. विद्यापीठाची पदवी नाही, ती मिळवण्याइतकी सवडही नाही; आणि तरी दोन वर्षांच्या आत या पोराने झिंकाइटच्या खड्याकडून असे काम करून घेतले की, जे तोवर फक्त काचेच्या दिव्यांनाच, म्हणजे रेडिओच्या व्हॉल्व्हांनाच, जमत होते. खडा नुसत्या लहरी टिपेना, तर स्वतः त्या निर्माण करू लागला. त्याचे नाव पडले 'क्रिस्टादिन'. 1924 साली अमेरिकेतल्या 'रेडिओ न्यूज'ने त्याचा मोठा गाजावाजा केला. लोसेव्ह तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

परंतु माझ्या मनात घर करून राहिला आहे तो त्याचा दुसरा शोध. 1923 साली कार्बोरंडमच्या खड्यावर टेकवलेल्या टोकापाशी त्याला एक ठिणगीएवढा उजेड दिसला. राउंडचे टिपण त्याला ठाऊक नव्हते. दिसण्याला मी फारसे महत्त्व देत नाही, दिसते पुष्कळांना. लोसेव्हने पुढे जे विचारले ते महत्त्वाचे. पहिला प्रश्न असा : हा खडा तापून तर उजळत नाही ना? त्याने उजळलेल्या जागी बेंझिनचा एक थेंब टाकला. तापलेल्या तव्यावर पाणी चरचरून उडते, तसा थेंब उडून जायला हवा होता. तो अगदी सावकाश सुकला. म्हणजे उजेड थंड होता! इतके साधे साधन आणि इतका निर्णायक निकाल. वर्गात प्रयोग म्हणजे काय हे मुलांना सांगताना मी हाच दाखला देतो. त्याहून सोपा मला सापडलेला नाही.

मग त्याने आणखी पाहिले की, वीज चालू-बंद करावी तसा हा उजेड तत्काळ चालू-बंद होतो. 1927 साली त्याने यावर रशियन नियतकालिकात निबंध छापला आणि त्याच वर्षी 'प्रकाश-रिले' नावाने पेटंटाचा अर्ज केला. उजेडाच्या लुकलुकण्याने तार, टेलिफोन आणि चित्रेसुद्धा पाठवता येतील, अशी त्यामागची कल्पना. आज समुद्राच्या तळाशी काचतंतूंतून जगाचे बोलणे ज्या रीतीने चालते, तिचे हे पहिले कच्चे टिपण म्हणायला हरकत नाही. 1928 साली इंग्लंडच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्येही त्याचा निबंध आला. उजेडाचा उलगडा करताना त्याने आइन्स्टाइनचे 1905 चे सूत्र उलटे फिरवले. प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात, असे आइन्स्टाइन म्हणत होता; इथे इलेक्ट्रॉन आत ढकलले की प्रकाश सुटतो, असे लोसेव्ह म्हणाला.

तो बरोबर होता. खड्यातल्या इलेक्ट्रॉनांची खरी मांडणी मात्र 1931 साली ॲलन विल्सनने दाखवली. ती मी दुमजली वाड्याच्या रूपाने समजून घेतो. खालचा मजला इलेक्ट्रॉनांनी गच्च भरलेला, वरचा रिकामा, आणि मध्ये जिना नाही. बाहेरून वीज देऊन वरच्या मजल्यावर इलेक्ट्रॉन घातले आणि खाली काही जागा मोकळ्या केल्या, की वरचा इलेक्ट्रॉन खालच्या मोकळ्या जागेत उडी घेतो आणि दोन मजल्यांमधल्या उंचीइतकी ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. उंची कमी असेल तर प्रकाश तांबडा, जास्त असेल तर निळा. अशा वाड्यांना अर्धवाहक म्हणतात. धातूसारखे धड वाहक नव्हेत, काचेसारखे धड अवाहक नव्हेत. कार्बोरंडमची अडचण अशी की, त्यातली उडी सरळ पडत नाही. बहुतेक ऊर्जा वाटेत उष्णता होऊन जिरते, आणि म्हणून त्याचा उजेड मिणमिणता. लोसेव्हचे दुर्दैव म्हणजे त्याच्या हाती लागलेला खडा सर्वांत आडमुठा होता.

1928 साली ती प्रयोगशाळा लेनिनग्राडला हलली आणि लोसेव्हही तिकडे गेला. 1936 साली देस्त्रियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने अशा प्रकाशाला 'लोसेव्ह-प्रकाश' असे नाव देऊन त्याचा मान केला. 1938 साली प्रबंध न मागताच त्याला शास्त्रातली पदवी देण्यात आली. तोवर तो पस्तिशीला आला होता, आणि पोटासाठी लेनिनग्राडच्या पहिल्या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवीत होता. शिकवणाऱ्या माणसाचे संशोधन कुठल्या वेळात होत असेल, हे शिकवणाऱ्यानेच समजून घ्यावे.

8 सप्टेंबर 1941 रोजी जर्मन फौजांचा वेढा शहराभोवती पुरा झाला. तो 27 जानेवारी 1944 पर्यंत होता. एकूण 872 दिवस. पहिल्याच हिवाळ्यात, 20 नोव्हेंबरपासून डिसेंबरच्या नाताळापर्यंत, कारखान्याबाहेरच्या नोकरदाराला आणि घरच्या माणसाला दिवसाचा पाव मिळे 125 ग्रॅम. त्यातही पिठापेक्षा भेसळ फार. 22 जानेवारी 1942 रोजी लोसेव्ह उपासमारीने वारला. वय अडतीस. त्याचे थडगे कुठे आहे हे कुणाला माहीत नाही.

त्याच्याबरोबर त्याचा उजेडही विझल्यासारखा झाला. 1951 साली अमेरिकेत कुर्ट लेहोवेकने कार्बोरंडमच्या प्रकाशाचा नवा उलगडा केला, आणि 1962 साली निक होलोन्याक याने गॅलियमच्या संयुगातून डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश काढला. त्या वर्षी 'शोध लागला' असे जगाने म्हटले. (राउंड तेव्हा हयात होता, तो 1966 साली वारला.) लोसेव्हचे निवडक निबंध 1972 साली लेनिनग्राडमध्ये पुस्तकरूपाने निघाले. अमेरिकेला त्याची खरी ओळख करून दिली ती 1976 साली एगॉन लोबनर याने. हा लोबनर चेकोस्लोव्हाकियातला यहुदी, ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेला. एका वेढ्यात मेलेल्याची आठवण दुसऱ्या नरकातून सुटलेल्याने ठेवावी, ही गोष्ट मी कादंबरीत घातली असती तर टीकाकारांनी जुळवाजुळव म्हणून नाक मुरडले असते.

आता त्याच शहरातली पुढची पिढी. झोरेस अल्फेरॉव्ह, जन्म 1930. बाप कट्टर कम्युनिस्ट. थोरल्या मुलाचे नाव मार्क्स आणि धाकट्याचे फ्रेंच समाजवादी झोरेसवरून. मार्क्स 1944 साली लढाईत पडला. झोरेस 1953 साली लेनिनग्राडच्या योफे इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाला. 1962 साली अमेरिकेत अर्धवाहकाचे लेसर झाले होते खरे. पण ते द्रव नायट्रोजनाच्या थंडीत, क्षणाक्षणाच्या झटक्यांनीच चाले. कारण इलेक्ट्रॉन आणि मोकळ्या जागा यांची गाठ पडण्याआधीच ते इकडेतिकडे पांगत. 1963 साली अल्फेरॉव्हने काझारिनॉव्हसह आणि अमेरिकेत हर्बर्ट क्रोमर याने स्वतंत्रपणे एकच तोड काढली : एकाच खड्यात तीन थर करा; मधला थर कमी उंचीच्या वाड्याचा, दोन्ही बाजूंचे जास्त उंचीचे. भाताच्या वाफ्याला बांध घातला की पाणी जसे वाफ्यात तुंबते, तसे इलेक्ट्रॉन मधल्या थरात तुंबतील आणि तिथेच उड्या घेतील. प्रकाशही तिथेच कोंडला जाईल. याला म्हणतात हेटेरोस्ट्रक्चर, आपण विषमस्तरी रचना म्हणू. क्रोमर ज्या कंपनीत होता तिने, याचा व्यवहारात काही उपयोग नाही, असे सांगून त्याला साधने नाकारली.

खरी अडचण गवंडीकामाची होती. वेगळ्या मापाच्या विटा एकमेकींवर बसवल्या की भिंतीला भेगा पडतात. इथे विटा म्हणजे अणू. गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम आर्सेनाइड यांची मापे जवळजवळ तंतोतंत जुळत. फरक हजारात दीडेक. पण ॲल्युमिनियमचे संयुग दमट हवेत कुजते, तेव्हा दोन्हींचे मिश्रणही टिकणार नाही, असे सगळे धरून चालले होते. अल्फेरॉव्हने आपल्या नोबेल व्याख्यानात सांगितलेली गोष्ट अशी की, एका सहकाऱ्याने केलेले त्या मिश्रणाचे बारके खडे दोन वर्षे टेबलाच्या खणात पडून होते आणि त्यांना काहीसुद्धा झाले नव्हते! हे कळल्यावर, 1967 पासून, काम धावू लागले. 1970 च्या मे महिन्यात साध्या खोलीच्या उबेत अखंड चालणारे लेसर लेनिनग्राडला झाले. काही आठवड्यांतच अमेरिकेत हायाशी आणि पॅनिश यांनीही ते केले. त्याच वर्षाच्या अखेरीस अल्फेरॉव्ह सहा महिन्यांसाठी इलिनॉयला गेला, तो होलोन्याककडे. शीतयुद्धाच्या ऐन भरात खाणकामगाराच्या मुलाची आणि कम्युनिस्टाच्या मुलाची मैत्री जमली. 2000 साली अल्फेरॉव्ह आणि क्रोमर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

वेढा उठल्यानंतर वर्षभराने, 1945 च्या फेब्रुवारीत, याच लेनिनग्राडमध्ये अलेक्सी एकिमॉव्ह जन्मला. त्याचे काम वाव्हिलोव्ह ऑप्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये, रंगीत काचेवर. काच ओतणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते की, कॅडमियमची तीच पूड घातली तरी भट्टीच्या धगीप्रमाणे काच कधी पिवळी होते, कधी तांबडी. का, हे कुणी विचारले नव्हते. एकिमॉव्हने काचेत तांब्याचे क्लोराइड घातले, 500 ते 700 अंशांवर, 1 तासापासून 96 तासांपर्यंत, काच तापवली, आणि क्ष-किरणांनी आत पाहिले. काचेत स्फटिकांचे कण झाले होते. कुठे 2 नॅनोमीटरचे, कुठे 30 चे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. कण जितका लहान तितका त्याचा रंग निळ्याकडे सरकलेला. सतारीची तार आखूड धरली की सूर चढतो, तसे हे आहे. इलेक्ट्रॉनाला जागा इतकी अपुरी पडते की वाड्याचे मजलेच एकमेकांपासून दूर सरकतात. 1981 साली त्याने हे प्रसिद्ध केले. त्याचे गणित योफे इन्स्टिट्यूटच्या एफ्रॉसने मांडले. 1983 साली अमेरिकेत लुई ब्रूसला द्रवात तरंगणाऱ्या कणांत हेच दिसले, आणि एकिमॉव्हचे काम त्याला माहीतही नव्हते. राउंड आणि लोसेव्ह यांचीच ही पुनरावृत्ती. फरक इतकाच की या खेपेला दोघेही जिवंत राहिले.

हव्या त्या मापाचे कण बिनचूक करण्याची कृती 1993 साली मुंगी बावेंडी आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी बसवली. तेव्हापासून एकच पदार्थ, माप बदलून, तांबड्यापासून निळ्यापर्यंत उजळू लागला. या बावेंडीला कॉलेजातल्या पहिल्या रसायनाच्या परीक्षेत शंभरापैकी वीस गुण होते. प्रगतिपुस्तके लिहिताना मला तो आठवतो. 2023 चे नोबेल एकिमॉव्ह, ब्रूस आणि बावेंडी यांना मिळाले.

हे कण, म्हणजे क्वांटम डॉट, आता दूरदर्शन संचाच्या पडद्यामागे असतात. त्यांच्या पाठीमागे निळे दिवे लावलेले असतात. निळा प्रकाश गिळून ते हिरवा आणि तांबडा परत देतात. चांगला निळा दिवा 1993 साली जपानच्या नाकामुराने गॅलियम नायट्राइडमधून काढला. त्याच्या आधी, 1989 पासून, बाजारात मिळणारा मिणमिणता निळा दिवा कार्बोरंडमचाच असे. आजही गॅलियम नायट्राइडचे काही दिवे कार्बोरंडमच्या चकतीवर वाढवतात. चकती स्वतः उजळत नाही, वरचा थर उजळतो.