कॅम्प म्हणजे नेमकं कुणाचं घर?

पुण्यात कुणी ‘जरा कॅम्पात जाऊन येतो’ म्हणालं, तर त्याच्या डोळ्यांसमोर तंबू आणि शेकोटी नसते. असतो तो एमजी रोड, कयानी बेकरीसमोरची श्रूजबेरी बिस्किटांची रांग आणि पार्किंग शोधण्यात जाणारी अर्धी संध्याकाळ. कॅम्प म्हणजे खरं तर मुक्काम. आज आलो, उद्या निघालो. पण पुण्यातला हा मुक्काम दोनशे वर्षांहून जास्त काळ हललेला नाही.

या शब्दाची गोष्ट सुरू होते ती मोकळ्या मैदानापासून. लॅटिनमध्ये ‘काम्पुस’ म्हणजे मैदान. रोमजवळच्या अशाच एका मैदानावर सैनिकांची कवायत चाले, म्हणून मैदानाला हळूहळू सैन्याचा वास लागला. तिथून इटालियन आणि फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकात ‘कॅम्प’ इंग्रजीत आला. त्याची भावंडंही आपण रोज वापरतो. मैदानात उतरून लढणारा तो चॅम्पियन. मोकळ्या मुलखातली सैन्याची मोहीम ती कॅम्पेन; आता ती निवडणुकीत आणि इन्स्टाग्रामवरही चालते. कॉलेजचा कॅम्पस तर सरळसरळ तोच लॅटिन शब्द. जर्मन भाषेनं मैदान सोडून त्यावरची लढाई तेवढी उचलली. तिथे ‘काम्फ’ म्हणजे लढा. फॅशनच्या जगात भडक, नाटकी शैलीलाही ‘कॅम्प’ म्हणतात, पण त्या अर्थाचं मूळ अभ्यासकांनाही ठामपणे सांगता आलेलं नाही.

पुण्यात हा शब्द तोफांच्या मागोमाग आला. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि शहराच्या पूर्वेला त्यांच्या फौजेनं तळ दिला. फौज आली की बाजार येतोच. सदर बाजार वसला. पारशी, बोहरी, ज्यू, गोव्याचे, तमिळ असे नाना लोक दुकानं आणि कंत्राटं घेऊन आले. १८२५ मध्ये सेंट मेरी चर्च उभं राहिलं, १८६७ मध्ये डेव्हिड ससूनचं सिनेगॉग, म्हणजे आपलं लाल देऊळ, पूर्ण झालं. कनाती गेल्या, दगडी भिंती आल्या. नाव तेच राहिलं.

आपल्याकडे यासाठी शब्द नव्हते असं मुळीच नाही. तळ होता, गोट होता, संस्कृतातलं शिबिर होतं. छावणी तर खास आपली. छावणे म्हणजे शाकारणे. पावसाळ्यात मोहीम थांबवून फौज छपराखाली राही, ती छावणी. दसऱ्याला सीमोल्लंघन केलं की ती उठे. पुण्याच्या कॅम्पला जुनी माणसं अजूनही ‘लष्कर’ म्हणतात. तो शब्द फारसी, आणि तिथल्या पोलीस ठाण्याच्या पाटीवर आजही आहे. ‘उर्दू’ या नावाच्या मुळाशीही तुर्की भाषेतला छावणीचाच शब्द आहे. छावणीचं नाव लागलेली एक अख्खी भाषा आपण रोज गाण्यांमधून ऐकतो.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. नाशिकजवळ देवळाली कॅम्प आहे. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे पडून राहत. काम नाही, उकाडा, त्यात ताप. काहींचं डोकं फिरे. त्यावरून इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणायला लागले. त्यांनी आपल्याला कॅम्प दिला, आपल्या देवळालीनं त्यांना वेडासाठी शब्द दिला.

इथपर्यंत गोष्ट मजेची आहे. पण कॅम्पमध्ये शिपाई राहतो तेव्हा त्या शब्दाचा अर्थ एक असतो, आणि बाकीच्यांना तिथे नेऊन ठेवतात तेव्हा दुसरा. हा दुसरा अर्थ पुण्यानं १८९७ मध्ये अनुभवला.

त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर, हडपसरजवळच्या सासणे मळ्यात दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तिथे पोहोचवत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. तीनच दिवसांनी, १३ मार्चला, वॉल्टर रँड याच्या प्लेग समितीचं काम सुरू झालं. गोरे शिपाई घराघरांत शिरून आजारी माणसं शोधू लागले. रोगी प्लेगच्या इस्पितळात आणि त्याच्या घरचे ‘सेग्रिगेशन कॅम्प’मध्ये. रोग पसरू नये हा हेतू होता, आणि वेगळं ठेवणं वैद्यकीयदृष्ट्या चूक नव्हतं. पण झडती, सामानाची नासधूस, बायकांची तपासणी यांमुळे लोकांना प्लेगपेक्षा कॅम्पचं भय जास्त वाटू लागलं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढचा इतिहास आपण शाळेत वाचलेला असतो.

सासणे मळाही मोकळं मैदानच. अगदी लॅटिन अर्थानं काम्पुस. तिथेही रोगी गावापासून दूर नेले जात होते. फरक इतकाच, की मळ्यात नेणारी बाई रोग्यासोबत राहिली, आणि कॅम्पमध्ये नेणारा शिपाई दाराशी पहारा देत राहिला.

असे कॅम्प चालवण्याचा अनुभव साम्राज्याला पुढे उपयोगी पडला. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात इंग्रजांनी बोअर शेतकऱ्यांच्या बायका-मुलांना ‘कॉन्सन्ट्रेशन कॅम्प’मध्ये कोंडलं. तिथे सुमारे २८ हजार बोअर दगावले, त्यांत बहुतेक मुलं. कृष्णवर्णीयांचे कॅम्प वेगळे होते, आणि तिथेही हजारो मेले. मृत्यू आवरेनात, तेव्हा प्लेग आणि दुष्काळाचे कॅम्प हाताळलेले अधिकारी हिंदुस्थानातून बोलावण्यात आले. पुढे हिटलरच्या जर्मनीनं हेच नाव कुठल्या थराला नेलं, ते सगळ्या जगाला ठाऊक आहे.

तरीही कॅम्पनं माणसं जगवलीही आहेत. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे इथे पोलिश निर्वासितांचा कॅम्प उभारला गेला. सोव्हिएत राजवटीनं घरादारातून उचलून सैबेरियाकडे नेलेल्या कुटुंबांतले सुमारे पाच हजार लोक, त्यांतही बायका आणि मुलं जास्त, १९४८ पर्यंत तिथे राहिले. ते गेले आणि फाळणीत सिंध गमावलेले लोक त्याच जागी आले. आज तिथे गांधीनगर आहे, कापडाची मोठी बाजारपेठ. कल्याणजवळच्या लष्करी कॅम्पमध्येही सिंधी निर्वासित उतरले. १९४९ मध्ये त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं, पण पत्ता अजून ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगतात. आपल्या पिंपरी कॅम्पचंही तसंच. दिवाळीच्या खरेदीला तिथल्या गर्दीतून वाट काढताना, या दुकानदारांच्या आजी-आजोबांनी या जागी निर्वासित म्हणून पाऊल ठेवलं होतं, हे आपल्या मनातही येत नाही.

आणि आपली छावणी? तीही परतली. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात माण, सांगोला, बीडकडे चारा छावण्या उघडल्या. पूर्वी पावसाळा आला की छावणी पडायची. आता पाऊस आला नाही की पडते. जनावरांसोबत घरातलं कुणी ना कुणी महिनोन् महिने तिथेच झोपतं, तिथेच भाकरी खातं.

पुण्याच्या कॅम्पमधला नागरी भाग महापालिकेत घेण्याची चर्चा गेली काही वर्षं चालू आहे. उद्या तसं झालं, तरी लोक ‘कॅम्पात जाऊन येतो’ असंच म्हणणार. नावं सहजी उठत नाहीत. म्हणून ‘तात्पुरती सोय’ म्हणून कुठेही कॅम्प पडला, की दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: इथली माणसं आपल्या पायांनी आली आहेत का, आणि त्यांना वाटेल तेव्हा निघता येतं का? तंबू दोन्हीकडे सारखेच दिसतात.