भाडेनियंत्रण आणि पर्यटक-निवास (बार्सिलोना)

राहत्या घरांच्या भाड्यावर कायद्याने मर्यादा घातली असता घरांच्या वापरात होणारा पालट. मर्यादा एकाच प्रकारच्या कराराला असेल, तर घरे मोकळ्या राहिलेल्या प्रकाराकडे सरकतात. बार्सिलोना हे त्याचे ठळक उदाहरण होय.

कायदे : स्पेनच्या १९९४ च्या नागरी भाडे कायद्यात कायम वास्तव्याचा करार आणि इतर वापराचा करार असा भेद आहे. कॅटलोनियाने २०२० मध्ये भाड्यांवर मर्यादा घातली. मार्च २०२२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने अधिकारकक्षेच्या मुद्द्यावर त्या कायद्यातील मुख्य तरतुदी रद्द केल्या. २०२३ च्या राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्याच्या आधारे मार्च २०२४ पासून बार्सिलोनासह १४० नगरपालिकांत मर्यादा पुन्हा लागू झाली.

पर्यटक-निवास : कॅटलोनियात ३१ दिवसांपर्यंतच्या वास्तव्यास परवाना लागतो; त्याचा क्रमांक जाहिरातीत छापावा लागतो. बार्सिलोनाने २०१४ मध्ये नवे परवाने थांबवले होते. त्यामुळे भाडेनियंत्रण आले तेव्हा घर पर्यटकांना देण्याची उघड वाट आधीच बंद होती.

हंगामी करार : मालकांना सापडलेली मधली वाट; कायद्याने हा 'इतर वापराचा' करार. शिक्षण, नोकरी असे तात्पुरते कारण दाखवून करार बहुधा ११ महिन्यांचा करतात. २०२४ ची मर्यादा त्याला लागू नव्हती, किमान पाच वर्षांची हमी नव्हती आणि दलालीही भाडेकरूकडून घेता येई. कायम करारात ती मालकाने भरायची. मुदत संपली की त्याच भाडेकरूशी त्याच घराचा पुन्हा 'हंगामी' करार होई. अशा करारांचा वाटा वाढला. मर्यादा करारावर घालून घराचा वापर मोकळा सोडल्याचे हे फळ आहे आणि त्याची झळ भाडेकरूलाच बसते.

अभ्यास : २०२० च्या कायद्याने भाडी काहीशी उतरली, याबाबत संशोधकांत साधारण एकमत आहे, पुरवठा घटला की नाही, याबाबत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ मध्ये लहान इमारतींवर नियंत्रण आल्यावर तेथील मालकांनी भाड्याच्या घरांचा पुरवठा सु. १५ टक्क्यांनी कमी केल्याचे २०१९ च्या एका अभ्यासात आढळले.

परवान्यांची अखेर : बार्सिलोनातील १०,१०१ पर्यटक-निवास परवान्यांचे नोव्हेंबर २०२८ नंतर नूतनीकरण होणार नाही, असे महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले. त्यामागील कॅटलान आदेश घटनात्मक न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये वैध ठरवला.

पाल्मा (मायोर्का) : २०१८ पासून सदनिकांच्या इमारतींत पर्यटक-निवासास बंदी.

महाराष्ट्र : १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याच्या कक्षेबाहेर राहण्यासाठी मालकांनी, बार्सिलोनातील हंगामी करारासारखाच, ११ महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार रूढ केला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या अशा करारधारकांना कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले; नंतरचे करार त्याबाहेर राहिले.