मोटारगाडीतील विद्युत दोषनिदान

मोटारगाडीतील विद्युत दोषनिदान म्हणजे वाहनाच्या विद्युत यंत्रणेतील बिघाडाचे नेमके स्थान मोजमापाच्या आधारे शोधण्याची प्रक्रिया होय. गाडी सुरू न होणे, दिवे मंद लागणे, फ्यूज वारंवार उडणे व बॅटरी उतरणे ही अशा बिघाडांची नेहमीची लक्षणे आहेत. एकाच लक्षणामागे अनेक कारणे संभवतात. त्यामुळे केवळ लक्षणावरून सुटे भाग बदलल्यास खर्च होऊनही दोष कायम राहू शकतो.

मंडलाची रचना

बहुतेक मोटारगाड्यांत १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते. तिचे ऋण अग्र गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेले असते व अनेक उपकरणांतील विद्युतप्रवाह सांगाड्यातूनच बॅटरीकडे परततो. या परतीच्या जोडणीला ‘अर्थ’ म्हणतात. अर्थच्या जोडणीवर गंज चढल्यास एक दिवा लावताच दुसरा मंद होणे, यांसारखी फसवी लक्षणे दिसतात.

बॅटरी व अल्टरनेटर

पूर्ण भारित व काही तास न वापरलेल्या बॅटरीचा विद्युतदाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२ व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरी उतरली आहे असे समजतात. इंजिन चालू असताना हा दाब सामान्यतः १३.५ ते १४.५ व्होल्ट असतो. तो वाढत नसल्यास अल्टरनेटर, त्याचा पट्टा व जोडण्या तपासतात.

भाराखालील चाचणी

तार अखंड आहे एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाही. मल्टिमीटर रोध मोजताना तारेतून अत्यल्प प्रवाह सोडतो. त्यामुळे एकच धागा शाबूत असलेली तारही चांगली भासते. स्टार्टरला मात्र १५० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह लागू शकतो. ओहमच्या नियमानुसार, जोडणीतील केवळ ०.०२ ओहम रोधामुळे १५० अँपिअर प्रवाहाला ३ व्होल्ट दाब वाया जातो व स्टार्टर फिरत नाही. म्हणून स्टार्टर चालवत असतानाच जाड तारेच्या दोन टोकांमधील दाब मोजतात. तो ०.५ व्होल्टपेक्षा अधिक भरल्यास दोष तारेत किंवा तिच्या जोडणीत असतो.

बंद गाडीतील गळती

गाडी बंद असतानाही घड्याळ, गजर इत्यादींसाठी थोडा प्रवाह वाहतो. तो सामान्यतः ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. ०.५ अँपिअरची गळती ४८ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे चार दिवसांत रिकामी करते. गळती मोजत असताना एकेक फ्यूज काढत गेल्यास दोषी मंडल सापडते.

सुरक्षितता

उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा अधिक क्षमतेचा फ्यूज बसवल्यास तारा तापून आग लागू शकते. बॅटरी सोडवताना ऋण अग्र प्रथम काढतात व जोडताना शेवटी जोडतात. विद्युत व हायब्रिड वाहनांतील नारिंगी तारांत प्राणघातक दाब असतो. त्यांची तपासणी केवळ प्रशिक्षित तंत्रज्ञांनीच करावयाची असते.