आहारातील मीठ
आहारातील मीठ म्हणजे मुख्यतः सोडियम क्लोराइड हा क्षार होय. त्याच्या वजनात सोडियमचा वाटा सुमारे ४० टक्के असतो. शरीरातील द्रवांचे संतुलन आणि मज्जातंतू व स्नायूंचे कार्य यांसाठी सोडियम आवश्यक आहे. मात्र प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका लहान चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

शरीरावरील परिणाम
जास्त मिठामुळे शरीरात पाणी साठते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तदाब चढतो. त्यातून पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडाच्या विकारांचा धोका वाढतो. वाढलेला रक्तदाब हा चयापचय संलक्षणाच्या पाच निकषांपैकी एक आहे. कमरेचा वाढलेला घेर, रक्तातील वाढलेली साखर, वाढलेली ट्रायग्लिसराइडे आणि घटलेले एचडीएल कोलेस्टेरॉल हे उरलेले चार निकष होत.

स्रोत
स्वयंपाकातील मिठाखेरीज लोणचे, पापड, फरसाण व खारवलेली मासळी यांतूनही मीठ पोटात जाते. सैंधव व खडेमीठ हीदेखील मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने ती खाल्ल्याने सोडियम फारसे घटत नाही.

पर्यायी मीठ
चीनमधील ६०० खेड्यांत ७५ टक्के सोडियम क्लोराइड व २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाची चाचणी घेण्यात आली. पूर्वी पक्षाघात झालेले किंवा उच्च रक्तदाब असलेले वयस्कर लोक तीत सहभागी होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीचे मीठ खाणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. मूत्रपिंडाच्या रुग्णांना मात्र जादा पोटॅशियम घातक ठरू शकते. त्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय असे मीठ वापरू नये.