चिथावणी कुणाच्या जिवावर?

रॉक बँडांच्या भडक नावांबद्दल दोन मतं कायम ऐकू येतात. एक म्हणतं, हा निव्वळ सवंगपणा. दुसरं म्हणतं, हे कलावंताचं स्वातंत्र्य आहे, तिथे प्रश्न विचारायचा नाही. दोन्ही मतं सगळ्या नावांना एकाच मापात तोलतात. या नावांचा इतिहास पाहिला तर मात्र त्यांत फरक करावाच लागतो. असं नाव नेहमी कुणाच्या तरी दुखण्यावर उभं असतं. ते दुखणं कुणाचं, आणि नाव घेणारे पुढे त्याची जबाबदारी पेलतात का, यावरच त्याची योग्यता ठरते.

‘लायबाख’ हा बँड 1980 साली स्लोव्हेनियातल्या त्रबोवल्ये या खाणकामगारांच्या गावात सुरू झाला. लायबाख हे ल्युब्लियाना शहराचं जर्मन नाव. नाझींच्या ताब्यात राहिलेल्या शहराला ते ऐकवणं म्हणजे खपली काढणंच होतं. 1983 मध्ये लष्करी धाटणीच्या गणवेशात, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, या मंडळींनी दूरचित्रवाणीवर मुलाखत दिली. त्यानंतर शहरात त्यांच्या नावावरच बंदी आली आणि ती 1987 पर्यंत टिकली. पण ती जखम त्यांच्याच समाजाची होती. हुकूमशाहीची भाषा तिच्याच थाटात बोलून दाखवत आपल्या राजवटीला आरसा दाखवणं हेच त्यांच्या संगीताचं काम राहिलं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘डेड केनेडीज’ने 1978 मध्ये खून झालेल्या दोन भावांचं आडनाव उचललं. कार्यक्रम मिळावेत म्हणून कधी कधी त्यांना टोपणनावाने वाजवावं लागे. त्या कुटुंबाचा अपमान करायचा नसून अमेरिकन स्वप्नाच्या शेवटाकडे लक्ष वेधायचं आहे, असं गायक जेलो बियाफ्रा सांगत असे. नुसतं सांगण्याला फारशी किंमत नसते; पण त्यांची गाणी खरोखरच सत्ताधाऱ्यांवर आणि सुखवस्तू ढोंगावर तुटून पडली. मँचेस्टरच्या ‘जॉय डिव्हिजन’ची बाजू अधिक लंगडी आहे. त्यांचं नाव ‘हाउस ऑफ डॉल्स’ या कादंबरीतून आलं. छळछावणीत सैनिकांसाठी डांबलेल्या स्त्रियांच्या विभागाचं ते नाव. 1978 मधल्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर हिटलरच्या युवक संघटनेतल्या ढोलवादक मुलाचं चित्र होतं. त्यांचं संगीत थोर आहे, पण त्या थोरवीने या उसनवारीचा हिशोब चुकता होत नाही.

यावर कुणी म्हणेल, हा शेवटी धंदाच आहे. ‘सेक्स पिस्टल्स’च्या नावातला पहिला शब्द व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरेनच्या लंडनमधल्या कपड्यांच्या दुकानाचं नाव होता, हे खरं. पण जाहिरात आणि अर्थ एकत्र नांदू शकतात. 1977 मध्ये त्यांच्या अल्बमच्या शीर्षकातल्या एका शब्दावरून नॉटिंगहॅमच्या एका दुकानाच्या व्यवस्थापकावर 1889 च्या अश्लील जाहिरातविरोधी कायद्याखाली खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. शिष्टाचाराच्या नावाखाली कुणाची भाषा दाबली जाते, हे त्या खटल्याने उघडं पाडलं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे ठरवायचं कुणी? सरकारने नाही, हे उत्तर मला मान्य आहे. आशियाई वंशाच्या अमेरिकन वादकांच्या ‘द स्लँट्स’ने डोळ्यांवरून मिळणारी शिवी स्वतःचं नाव म्हणून मिरवली. तिची ट्रेडमार्क नोंदणी नाकारली गेली, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि 2017 मध्ये जिंकले. याच निकालाने ‘वॉशिंग्टन रेडस्किन्स’ या फुटबॉल संघाच्या नावालाही कायद्याचं संरक्षण दिलं. कायद्यापुढे दोन्ही नावं सारखीच. पण स्लँट्स स्वतःला मिळालेली शिवी परतवत होते, तर तो संघ मूलनिवासींना दिलेली शिवी विकत होता. संघाने 2020 मध्ये ते नाव टाकलं. त्याआधी कॅनडातल्या ‘व्हिएत काँग’ या बँडनेही व्हिएतनामी स्थलांतरितांचा संताप ऐकून 2016 मध्ये ‘प्रीऑक्युपेशन्स’ हे नाव घेतलं. कायद्याचा कसलाही बडगा नसताना झालेला हा बदल मला कलेचा पराभव वाटत नाही. ज्यांच्या दुःखावर नाव उभं आहे त्यांना उत्तर देण्याची तयारी ही बंडखोरीचीच अट आहे. ती नसेल तर उरते फक्त दुसऱ्याच्या वेदनेतून मिळवलेली प्रसिद्धी.